माग जिथे हरवतो

महाराष्ट्रातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात 'अ समरी' हा शब्द रोजच्या वापरात असतो. ठाण्याबाहेरच्या माणसाच्या कानावर मात्र तो बहुधा घरात काही वाईट घडल्यावरच पडतो. फिर्याद खरी, जखम खरी, पण करणारा हाती लागला नाही, असा अहवाल पोलीस न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवतात, ती अ समरी. फिर्याद मुद्दाम खोटी दिलेली निघाली तर ब, गैरसमजातून किंवा दिवाणी वादातून आलेली असली तर क.

अ समरीच्या कागदाची भाषा ठरून गेलेली असते. 'अज्ञात इसमाने', 'धारदार हत्याराने', 'कसोशीने शोध घेतला असता आरोपी मिळून आला नाही'. प्रथम खबरी अहवालाच्या छापील नमुन्यात सातवा रकाना आरोपीच्या तपशिलाचा असतो. तिथे पहिल्या दिवशी 'अज्ञात' असं लिहिलं जातं आणि वर्ष उलटलं तरी त्या जागी नाव लिहायची वेळ येत नाही. घरची माणसं कागद वाचतात, "केस बंद झाली" म्हणतात, आणि तो रेशनकार्डाच्या, मृत्यूच्या दाखल्याच्या पिशवीत घालून कपाटात ठेवतात.

"शिक्षाच झाली नाही, तर भरपाई कसली?" हा प्रश्न शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडून ऐकू येतो, कधी कधी वकिलांच्याही. त्याचं उत्तर कायद्यात स्वच्छ लिहिलेलं आहे. ३१ डिसेंबर २००९ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३५७ अ आलं. त्याचं चौथं पोटकलम सांगतं, की गुन्हेगार सापडला नाही किंवा ओळखता आला नाही, पण गुन्हा कुणावर घडला हे ठाऊक आहे आणि खटलाच उभा राहिला नाही, तर पीडित व्यक्तीने किंवा तिच्यावर अवलंबून असलेल्यांनी राज्य किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे भरपाईसाठी अर्ज करावा. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिथे याच तरतुदीला ३९६ क्रमांक मिळाला. जो कागद पिशवीत जातो, तो या अर्जाला जोडायचा असतो.

हे सगळं काल-परवाचं, दयाळू झालेल्या आधुनिक सरकारने काढलेलं काहीतरी, असं वाटणं साहजिक आहे. मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं. मागे मागे जात राहिलं, की उलटं चित्र दिसू लागतं. भरपाईला गुन्हेगाराच्या शिक्षेशी बांधणं हीच मधल्या काळातली गोष्ट आहे. त्याआधी फार मोठा काळ प्रश्न वेगळा विचारला जात होता: हे कुणाच्या हद्दीत घडलं?

बाबिलोनच्या हम्मुराबीचा काळ्या दगडावर कोरलेला कायदा आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. इराणमधल्या सुसा इथल्या उत्खननात १९०१-०२ मध्ये तो सापडला. पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या या दगडावर दरोड्याची तीन कलमं एकापाठोपाठ येतात. दरोडेखोर पकडला गेला तर त्याला मरण. पकडला गेला नाही, तर लुटल्या गेलेल्या माणसाने आपलं काय काय गेलं ते देवासमोर सांगायचं, आणि ज्या शहराच्या, ज्या अधिकाऱ्याच्या हद्दीत दरोडा पडला त्यांनी ते भरून द्यायचं. आणि दरोड्यात जीव गेला असेल, तर शहराने व अधिकाऱ्याने त्याच्या माणसांना एक मिना चांदी द्यायची, म्हणजे साधारण अर्धा किलो. गुन्हेगार न सापडणं ही इथे भरपाई नाकारण्याची सबब होत नाही. तो सापडला नाही म्हणूनच शहराने द्यायचं.

आपल्याकडच्या ग्रंथांत हा विचार आणखी बारकाईने आला आहे. चोरीचा माल राजाने शोधून मालकाला परत करावा, शोधता आला नाही तर स्वतःच्या कोशातून द्यावा, असं गौतम धर्मसूत्र सांगतं. याज्ञवल्क्यस्मृती पुढे जाऊन म्हणते, की जो राजा देत नाही त्याच्या माथी पाप येतं. यामागचा हिशेब करांचा आहे. राजा उत्पन्नाचा भाग घेतो तो रक्षणासाठी. रक्षण झालं नाही, तर घेतलेल्याचं देणं उरतं. भारतरत्न पां. वा. काण्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात राजाच्या या देण्याची चर्चा सापडते, ती जरूर वाचावी अशी आहे.

पण मला खरं गुंतवून ठेवलं ते याज्ञवल्क्याच्या व्यवहाराध्यायातल्या पुढच्या दोन श्लोकांनी. तिथे केवळ चोरी नाही, माणूस मारला गेल्याचाही उल्लेख त्याच श्वासात आहे. गुन्हेगार गावातून बाहेर गेल्याची खूण दिसत नसेल तर दोष गावच्या मुख्याचा. कुरणात घडलं तर कुरणाच्या अधिकाऱ्याचा. वाटेवर घडलं तर चोर पकडण्यासाठी नेमलेल्याचा. गावाच्या शिवेत घडलं तर गावाने भरावं, किंवा पावलाचा ठसा ज्या गावात जाऊन पोचतो त्या गावाने. शिवेपासून कोसभर लांब घडलं, तर आसपासच्या पाच गावांनी मिळून, नाहीतर दहा गावांनी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही व्यापारी तांड्याच्या मालाबद्दल अशीच उतरंड आहे: गावात असताना गेलं तर गावमुख्याकडून, दोन गावांच्या मध्ये गेलं तर कुरणाच्या अधिकाऱ्याकडून, त्याच्याही पलीकडे गेलं तर चोररज्जुक नावाच्या अधिकाऱ्याकडून. जमिनीचा एकही तुकडा बेवारशी सोडलेला नाही. कुठेही घडो, उत्तर देणारं कुणीतरी आहेच.

हे केवळ पोथीतलं होतं का? निदान आपल्या मुलखात तरी नव्हतं. पेशवाई बुडाल्यावर दख्खनचा कारभार पाहणाऱ्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ साली जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला. त्यात गावच्या राखणदाराचं वर्णन आहे. हा राखणदार पुष्कळदा रामोशी किंवा भिल्ल असे. रात्री गस्त घालायची, गावात कोण आलं, कोण गेलं यावर नजर ठेवायची, कोण माणूस कसा आहे हे ओळखून असायचं. चोरी झाली की चोर त्यानेच शोधायचा. नाही सापडला, तर पावलांवरून माग काढत शिवेपर्यंत जायचं आणि तो माग शेजारच्या गावच्या राखणदाराच्या हवाली करायचा. मग तिथून पुढे त्याची जबाबदारी. माग जिथे हरवला, तिथला राखणदार आपल्या ऐपतीप्रमाणे भरपाई देई आणि उरलेली रक्कम साऱ्या गावावर बसे.

'मागोवा' हा शब्द आपण आज लेखाच्या शीर्षकात सहज वापरतो. त्याच्या पोटात हाच 'माग' आहे: मातीतलं पाऊल, दव पडलेल्या गवतातली वाट, ओढ्याच्या चिखलातला अंगठ्याचा दाब. पहाटे उठून त्या पावलाकडे वाकून पाहणाऱ्या माणसासाठी तो ठसा शेजारच्या शिवेत गेला की नाही, हा पोटापाण्याचा प्रश्न होता.

एल्फिन्स्टनला ही पद्धत अन्यायाची वाटली, आणि तसं त्याने लिहिलंही. ज्या गावाला चोरी टाळणं शक्य नव्हतं आणि भरपाई देणंही झेपणारं नव्हतं, त्याच्यावर बोजा टाकायचा हे योग्य नाही, असं त्याचं म्हणणं. पूर्ण भरपाई मोजक्याच प्रकरणांत सक्तीने वसूल होई, पण काही ना काही दंड बहुधा बसेच, हेही तो नोंदवतो. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. रामोशाच्या घरात चूल पेटत नसताना सावकाराच्या गेलेल्या दागिन्यांची किंमत त्याच्याकडून मागणं क्रूरपणाचं होतं. तरीही ज्याचं गेलं त्याला दुसऱ्या दिवशी कुणाच्या दारात जाऊन उभं राहायचं हे ठाऊक होतं, एवढी गोष्ट त्या व्यवस्थेत होती.

पुढे ती गेली. किल्ल्यांवरच्या आणि गावांतल्या रामोशांची वतनं, हक्क काढून घेतले गेले. रामोशी पुढारी उमाजी नाइकांच्या बंडाला याची पार्श्वभूमी आहे. राखण सरकारी पोलिसांकडे गेली, आणि गुन्हा हा सरकारविरुद्धचा गुन्हा झाला. खटला सरकारचा, वकील सरकारचा, दंडही सरकारजमा. ज्याच्या डोक्यात कुऱ्हाड बसली तो त्या खटल्यात सरकारी साक्षीदार क्रमांक एक. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ५४५ वं कलम होतं: आरोपीला दंड झाला, तर त्यातून काही रक्कम नुकसान सोसलेल्याला देता येईल. १९७३ च्या संहितेत तेच ३५७ म्हणून आलं, दंड नसला तरी भरपाईचा आदेश देण्याची मुभा त्यात वाढली. पण दोन्ही ठिकाणी दार उघडत होतं ते दोषसिद्धीनंतरच. आरोपी सापडायचा, साक्षीदार टिकायचे, गुन्हा शाबीत व्हायचा, अपील निकाली निघायचं, आणि मग आरोपीच्या खिशात काही असलं तर. या साखळीतली एक कडी निसटली की जखमी माणसाच्या हाती काहीच येत नसे. सगळ्या कड्या जुळल्या तरी न्यायाधीश ते कलम वापरायचं विसरत. २०१३ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खुनाच्या अपिलात (शेताकडेने जाताना कुत्रं भुंकलं, त्याला पाइप मारला, मालकाने हटकलं, आणि तोच पाइप मालकाच्या डोक्यात बसला, एवढ्यावरून गेलेला जीव) सर्वोच्च न्यायालयाने खालच्या न्यायालयांना बजावलं, की प्रत्येक खटल्यात भरपाईचा विचार केलाच पाहिजे आणि दिली वा नाकारली तरी कारणं लिहिली पाहिजेत.

जुन्या विचाराची एक मुळी मात्र ब्रिटिश कायद्यातही जिवंत राहिली होती. १८६१ च्या पोलीस कायद्यात १८९५ साली १५ अ हे कलम घातलं गेलं. अशांत म्हणून जाहीर केलेल्या भागात रहिवाशांच्या गैरवर्तनामुळे कुणाचा मृत्यू झाला, गंभीर दुखापत झाली किंवा मालमत्तेचं नुकसान झालं, तर भरपाई त्या भागातल्या लोकांकडून वसूल करायची. १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमाच्या ५१ व्या कलमात बेकायदा जमावाने केलेल्या हानीबद्दल याच धर्तीची तरतूद आहे. कोण दोषी हे सिद्ध व्हायची वाट इथे पाहिलेली नाही. पण यात एल्फिन्स्टनची शंका पुन्हा उभी राहते. दंगलीत घराला कडी लावून भीतीने बसलेल्या बाईनेही का भरावं? ओझं एका वस्तीवर न टाकता सगळ्यांनी मिळून उचलायचं, हे उत्तर यायला आणखी काही वर्षं जावी लागली, आणि ते मांडलं एका वयोवृद्ध इंग्रज बाईने.

मार्जरी फ्राय या तुरुंगसुधारणेसाठी आयुष्य घालवलेल्या कार्यकर्त्या. ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजच्या त्या प्रमुख होत्या. १९५७ साली, ऐंशी ओलांडलेल्या वयात, त्यांनी 'ऑब्झर्व्हर'मध्ये लेख लिहिला आणि त्यात एक हिशेब दिला. १९५१ मध्ये मारहाणीत एक माणूस आंधळा झाला होता. त्याला साडेअकरा हजार पौंडांची भरपाई मंजूर झाली. दोघा हल्लेखोरांनी आठवड्याला प्रत्येकी पाच शिलिंग द्यावेत, असं ठरलं. म्हणजे शेवटचा हप्ता हातात पडण्यासाठी त्या आंधळ्या माणसाला आणखी ४४२ वर्षं जगावं लागणार होतं. मी कागदावर भागाकार करून पाहिला. साडेअकरा हजार पौंडांचे दोन लाख तीस हजार शिलिंग, आठवड्याला दहा, तर तेवीस हजार आठवडे. बरोबर ४४२ वर्षं आणि वर काही आठवडे.

इथे तर गुन्हेगार सापडले होते, शिक्षा भोगून बाहेरही आले होते. सगळं नीट झालं होतं, आणि तरी आंधळ्याच्या हातात आठवड्याला दहा शिलिंग. कामगाराला कारखान्यात इजा झाली तर त्याचा भार जसा विम्यातून सगळे उचलतात, तसाच हिंसाचाराच्या बळीचा भार समाजाने उचलावा, असं फ्रायबाईंचं म्हणणं होतं. पुढच्याच वर्षी त्या वारल्या. १९६३ मध्ये न्यूझीलंडने कायदा केला, तो १ जानेवारी १९६४ पासून लागू झाला. त्याच वर्षी १ ऑगस्टला ब्रिटनची योजना सुरू झाली. दोषसिद्धीची अट तिथे ठेवली नव्हती. १९८५ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बळींच्या हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. गुन्हेगार ओळखला, पकडला, त्याच्यावर खटला चालला वा तो दोषी ठरला की नाही, यावर कुणी बळी ठरणं अवलंबून नाही, हे त्यात स्पष्ट शब्दांत आलं.

आपल्याकडे ही गोष्ट आली ती रेल्वेच्या डब्यातून. १० फेब्रुवारी १९९३ रोजी रांचीहून दिल्लीला निघालेल्या मुरी एक्स्प्रेसमध्ये घरकाम करणाऱ्या सहा आदिवासी स्त्रियांवर लष्करी जवानांनी अत्याचार केल्याची तक्रार झाली. दिल्लीतल्या घरकामगार स्त्रियांच्या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. ऑक्टोबर १९९४ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं, की अशा गुन्ह्यांसाठी भरपाई मंडळ नेमावं, आणि आरोपी दोषी ठरो वा न ठरो, मंडळाने भरपाई द्यावी. त्यात वेदना, धक्का, बुडालेली कमाई, गर्भ राहिल्यास त्याचा खर्चही धरावा. हे सांगितल्यापासून ते देशाच्या प्रक्रिया कायद्यात यायला पंधरा वर्षं लागली. त्या पंधरा वर्षांत किती अ समरी झाल्या असतील, हा विचार मनातून जात नाही.

महाराष्ट्रात ऑक्टोबर २०१३ मध्ये मनोधैर्य योजना आली, बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांसाठी. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईत शक्ती मिलच्या आवारात घडलेल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेने राज्य हादरलेलं होतं. इतर गुन्ह्यांसाठी राज्याची पीडित नुकसानभरपाई योजना २०१४ मध्ये आली. मनोधैर्यच्या नियमांत लाभार्थी, अर्थसहाय्य असे शब्द आहेत. ब्रिटनच्या १९६४ च्या योजनेतही रक्कम 'सानुग्रह' म्हणूनच दिली जाई. मला हे शब्द खटकतात. भरपाई मागणारी बाई खिडकीपाशी ताठ उभी राहते, अर्थसहाय्य मागणारी हात जोडून. संहितेच्या कलमात शब्द नुकसानभरपाईचा आहे आणि कचेरीतल्या बोलण्यातही तोच यायला हवा.

आरोपी सुटला तर काय, हा यातला सर्वांत अवघड प्रश्न. कलम ३५७ अ चं, म्हणजे आताच्या ३९६ चं, तिसरं पोटकलम सांगतं, की आरोपी निर्दोष सुटला किंवा दोषमुक्त झाला आणि पीडिताच्या पुनर्वसनाची गरज असली, तर न्यायालय भरपाईची शिफारस करू शकतं. बालकांच्या लैंगिक अत्याचाराच्या नियमांत तर हे आणखी ठळक आहे: आरोपी सुटला, सापडला नाही, ओळखता आला नाही, तरी बालकाला इजा झाली असेल तर विशेष न्यायालय भरपाई देऊ शकतं, प्रथम खबर नोंदल्यावर अंतरिमही. पुष्कळांना यात विसंगती दिसते. मला दिसत नाही. 'या माणसाने हे केलं हे संशयापलीकडे सिद्ध झालं नाही' एवढंच सुटका सांगते. मुलीच्या चेहऱ्यावर ॲसिड पडलंच नाही, असं ती सांगत नाही. उलटतपासणीत बचावाचे वकील "पैशासाठी केस केली ना?" असं विचारतात, आणि त्या प्रश्नाला घाबरून अर्जच न करणारी कुटुंबं असतात. या भीतीचं काय करायचं, हे कुठल्याही योजनेला अजून नीट सुचलेलं नाही.

अर्ज करायला वकील लागत नाही, फी लागत नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाची कचेरी असते. प्रथम खबरीची प्रत, वैद्यकीय कागद किंवा शवविच्छेदनाचा अहवाल, आधार, बँकेच्या पासबुकाचं पहिलं पान, आणि असेल तर समरीचा कागद. प्राधिकरणाने दोन महिन्यांत चौकशी पूर्ण करून निर्णय द्यायचा असतो. ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याच्या किंवा न्यायदंडाधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावर तातडीचे उपचार आणि अंतरिम मदत त्याआधीही मिळू शकते. स्त्रियांसाठी २०१८ मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने आखलेल्या योजनेत बलात्कारासाठी चार ते सात लाख, सामूहिक बलात्कारासाठी किंवा जीव गेल्यास पाच ते दहा लाख अशी मर्यादा आहे, आणि अर्जाला घटनेपासून किंवा खटला संपल्यापासून तीन वर्षांची मुदत. मंजूर झालेली रक्कम निधी आला नाही म्हणून महिनोन्‌महिने अडकून राहते, ही तक्रार मात्र जुनी आहे. कोश रिकामा असल्याची सबब याज्ञवल्क्याने राजाला दिली नव्हती.

मुंबईच्या १९९२-९३ च्या दंगलींत ९०० माणसं मारली गेली आणि १६८ बेपत्ता झाली. मृतांच्या आणि बेपत्ता झालेल्यांच्या वारसांना दोन लाख रुपये द्यायचं सरकारने ठरवलं होतं. बेपत्ता माणसाचं प्रेत नाही, मारणारा ठाऊक नाही, खटला कसला उभा राहणार? नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणात निकाल दिला. कायदा-सुव्यवस्था राखण्यात राज्य कमी पडलं, म्हणून भरपाई हे राज्याचं देणं आहे, असा त्याचा आधार होता. तोवर बेपत्तांपैकी ६० जणांच्या कुटुंबांपर्यंत पैसे पोचले होते. उरलेल्या १०८ जणांच्या वारसांना राज्याने शोधून काढावं आणि जानेवारी १९९९ पासूनच्या नऊ टक्के व्याजासह रक्कम द्यावी, असा आदेश झाला. त्यावर देखरेखीसाठी राज्य विधी सेवा प्राधिकरणाच्या सदस्य सचिवांच्या नेतृत्वाखाली समिती नेमली गेली.

तीस वर्षांत वस्त्या उठल्या, चाळी पडून टॉवर झाले, माणसं गावी परतली किंवा उपनगरांत विखुरली. नोंदीत जुना पत्ता होता, तोही प्रत्येकाचा नव्हता. आता माग काढायचा होता तो मारणाऱ्यांचा नव्हे, ज्यांचं माणूस गेलं त्यांच्या घरांचा, आणि तो काढणं राज्याकडे आलं होतं.